न समजण्याचे अधिकृत प्रकार

कॅनडाच्या राजधानीतल्या, ओटावातल्या, ज्या सरकारी विभागात रेजाँ तिबोदो काम करत होता, त्या विभागात एखादी गोष्ट न समजण्याची कोणालाही परवानगी नव्हती. तसा लेखी नियम नव्हता. लिहिला असता तर तो इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये असा दोनदा लिहावा लागला असता, दोन्ही मजकूर कायद्यापुढे सारखेच मूळ मानावे लागले असते, आणि मग तो कोणालाच समजला नसता. म्हणून तो न लिहिताच पाळला जाई. आमच्याकडे न लिहिलेले नियमच काय ते नीट पाळले जातात.

कारण अगदी साधं होतं. आमच्या सरकारात इंग्रजी माणसाला फ्रेंच यावं लागतं आणि फ्रेंच माणसाला इंग्रजी, आणि ते येतं की नाही याची दर काही वर्षांनी परीक्षा होते. सी दर्जा मिळाला की खुर्ची टिकली. बी मिळाला की माणूस खिडकीजवळून जिन्याजवळ येतो, आणि त्याच्या वाढदिवसाला केक आणायचं सगळे विसरतात. आता समजा, एखाद्या इंग्रजी गड्याला फ्रेंच कागद कळला नाही. त्याला वाटतं, आपलं फ्रेंच कच्चं. बोललो तर दर्जा गेला. फ्रेंच गड्याला इंग्रजी कागद कळला नाही, तर त्याचंही तेच. कागदातच काही अर्थ नसेल, ही शंका विभागाच्या इतिहासात कोणाला शिवली नव्हती. अळीमिळी गुपचिळी, आणि झाकली मूठ सी दर्जाची!

रेजाँ इंग्रजीतून फ्रेंच करी. पलीकडच्या टेबलावरची बेव्हर्ली मक्कॉसलंड फ्रेंचमधून इंग्रजी करी. दोघांच्या मध्ये एक कापडी पडदा होता आणि पडद्यावर 'स्पष्टता हीच सेवा' असं दोन्ही भाषांत लिहिलेलं होतं. इंग्रजी ओळ रेजाँला आणि फ्रेंच ओळ बेव्हर्लीला जरा संदिग्ध वाटायची. पण बोलणार कोण?

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी रेजाँला बढती मिळाली. लोकांच्या तक्रारी फार वाढल्या होत्या. सरकारी पत्र समजत नाही, एवढंच लोकांना म्हणायचं असे. पण लोक सरळ थोडेच बोलतात? इंग्रजी लोक 'हे जिबरिश आहे', 'हे गॉबलडीगुक आहे' असं लिहीत. फ्रेंच लोक 'शाराबिया', 'गालिमातिया', 'बारागुएँ' असं लिहीत. तक्रार कोणत्या रकान्यात टाकायची हे कळेना, म्हणून एक समिती नेमली आणि रेजाँला तिचा अध्यक्ष केलं. दोन भाषांतल्या निरर्थक बोलण्याच्या शब्दांच्या जोड्या जुळवायच्या. स्थळं जुळवतात तशा.

पहिल्या बैठकीला संचालक मादाम शारबोनो स्वतः आल्या.

"घोळ झालाय, रेजाँ," त्या म्हणाल्या. "लोक आपल्या पत्रांना नावं ठेवतात ते ठेवोत. पण ती नावं दोन्ही भाषांत सारखी नकोत का? घटनेनं समान हक्क दिलेत."

"जिबरिश म्हणजे नुसती बडबड, तोंडाला येईल ती," बेव्हर्लीनं सांगितलं. "गॉबलडीगुक म्हणजे खास सरकारी. अमेरिकेत कोणीतरी टर्की पक्ष्याच्या आवाजावरून काढलाय म्हणतात."

"टर्कीचा आणि सरकारचा काय संबंध?"

"फुगून चालते, मादाम. आणि ज्या सणाला तिला कापतात तो जवळ आलाय हे तिला कधी कळत नाही."

"हं. आणि आपल्याकडचं?"

रेजाँनं घसा साफ केला. "शाराबिया म्हणजे ऐकणाऱ्याला काहीच न कळणारं. गालिमातिया म्हणजे शिकलेल्या माणसाचा घोळ. त्याला वाटतं आपण ज्ञान सांगतोय. आणि बारागुएँ म्हणजे परक्या माणसाचं मोडकंतोडकं. फ्रान्सात ब्रेतॉन लोक यायचे, ते त्यांच्या बोलीत 'बारा' आणि 'ग्विन', म्हणजे भाकरी आणि वाइन, मागायचे, त्यावरून आला असं सांगतात."

"म्हणजे तो बिचारा जेवायला मागत होता?"

"हो."

"आणि आपल्याला कळलं नाही, म्हणून त्याच्याच बोलण्याला आपण बडबड म्हटलं?"

"परंपरा आहे, मादाम."

मादामनी मान डोलावली. पुढे असंही निघालं की काहीच कळेनासं झालं की इंग्रजी माणूस ते ग्रीकांच्या नाहीतर डचांच्या गळ्यात मारतो आणि फ्रेंच माणूस हिब्रूच्या नाहीतर चिन्यांच्या. स्वतःच्या मजकुराचं खापर दुसऱ्याच्या गावावर फोडायचं, या एका मुद्द्यावर दोन्ही भाषांचं सुरुवातीपासून एकमत होतं. तेवढी नोंद समितीनं अभिमानानं करून घेतली.

जिबरिश आणि शाराबियाची जोडी पहिल्याच दिवशी जमली. बारागुएँसाठी इंग्रजी शब्द मिळाला नाही, म्हणून तो तात्पुरता अविवाहित ठेवला. घोडं अडलं ते गालिमातियापाशी. गॉबलडीगुकची जोडी त्याच्याशी लावावी असं बेव्हर्लीचं म्हणणं. रेजाँ म्हणाला, गालिमातियाला काही एक खानदान आहे, तो टर्कीच्या घरी जाणार नाही. त्यावर वाद झाला, वादाचं टिपण झालं, टिपणाचा अनुवाद झाला, आणि तोवर ठरलं की या दोन प्रकारांत मोडणाऱ्या तक्रारी अध्यक्षांच्या निर्णयापर्यंत स्वीकारू नयेत. सरकारी पत्राबद्दलच्या सगळ्या तक्रारी नेमक्या या दोनच प्रकारांत मोडत होत्या, हे खरं. पण त्यामुळे तक्रारींचं प्रमाण एकदम घसरलं आणि मादाम शारबोनोंना शाबासकी मिळाली.

याच दिवसांत नदीवरच्या खोपींची सूचना निघाली.

रेजाँची आई, युगेत, नदीच्या खालच्या अंगाला एका गावात एकटी राहायची. हिवाळ्यात नदी गोठली की गावातली म्हातारी मंडळी आपापली लाकडी खोप बर्फावर ओढून नेत, आत शेगडी पेटवत, बर्फाला भोक पाडून गळ सोडत आणि दिवसभर पत्ते कुटत. युगेतची खोप पिवळी होती. रेजाँच्या बापानं, आर्मांनं, ती स्वतःच्या हातांनी बांधली होती; तिचं दार एका पाववाल्याच्या मोडीत निघालेल्या गाडीचं होतं. आर्मां जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची टोपी आत खिळ्याला तशीच होती. युगेत रोज आत जाऊन आधी त्या टोपीला 'काय म्हणतोस?' विचारायची आणि मग गळ सोडायची. उन्हाळ्यात तिला करमायचं नाही. तिचा संसार आता डिसेंबर ते मार्च एवढाच होता.

बर्फ पातळ व्हायच्या आत खोपी काठावर आणाव्या लागतात. इतकी वर्षं गावानं काठावर एक फळी ठोकलेली असायची: पंधरा मार्चला खोपी उचला. बस्स. या वर्षी ते काम राजधानीतल्या आमच्या विभागाकडे आलं, फळी गेली, आणि तिच्या जागी काचेच्या चौकटीत दोन भाषांतली सूचना लागली. ती मराठीत केली तर साधारण अशी होईल:

'सदर हिमाच्छादित जलपृष्ठावरील अस्थायी स्वरूपाच्या वास्तूंचे अनपसारण हे, विहित कालमर्यादेच्या अनुपस्थितीत नसेल त्या प्रकरणी, पूर्वमान्यतेविना अननुज्ञेय मानले जाण्यास प्रत्यवाय राहणार नाही.'

खाली दंडाचं कलम होतं. ते मात्र स्वच्छ होतं.

युगेतला सूचना वाचून अभिमानानं भरून आलं. "माझ्या रेजाँनं लिहिलंय," ती प्रत्येकाला चौकटीपाशी नेऊन दाखवायची. शेजारच्या खोपीतला फर्नां ब्रिझबुआ दोनदा वाचून म्हणाला, "झकास आहे. पण युगेत, उचलायची की ठेवायची?"

"विचारून सांगते."

फेब्रुवारीत तिनं फोन केला. "रेजाँ, बाळा, खोप उचलायची की ठेवायची? एका शब्दात सांग."

रेजाँनं समोर कागद धरला. फ्रेंच त्याचंच होतं, शब्द न् शब्द त्याचा. तो खालून वर वाचून पाहिला. 'अनपसारण' म्हणजे न उचलणं. ते 'अननुज्ञेय', म्हणजे परवानगी नाही. मग उचलायची. पण तसं मानायला 'प्रत्यवाय नाही', म्हणजे मानलं तरी चालेल. न मानलं तर? आणि मध्ये ती 'अनुपस्थितीत नसेल' बसली होती, तिच्यापाशी आलं की सगळं पुन्हा उलटं व्हायचं.

"ममाँ, हे एका शब्दाचं काम नाही."

"का नाही? तुझा बाप एका शब्दात संसार करायचा."

"मूळ इंग्रजी बघून सांगतो. मी नुसता अनुवाद केलाय."

"बघ बाबा. पण लवकर बघ, ऊन तापायला लागलंय इकडे."

रेजाँला इंग्रजीही कळलं नाही. पण ते कळलं नाही हे तो बेव्हर्लीला कसं सांगणार? परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली. त्यानं आडवळणानं घ्यायचं ठरवलं. खानावळीत तिच्यासमोर ट्रे ठेवून म्हणाला, "बेव्ह, त्या खोपींच्या सूचनेचं तुमचं मूळ इंग्रजी काय सुरेख उतरलंय."

बेव्हर्लीचा चमचा सूपमध्येच राहिला. "माझं मूळ? अरे, मूळ तुझं फ्रेंच. मी नुसता अनुवाद केलाय."

"नाही, नाही. मी तुझ्यावरून केलंय."

"आणि मी तुझ्यावरून."

मग हळूहळू लक्षात आलं ते असं, की कोणीतरी कधीतरी एक कच्चा तुकडा पडद्याच्या एका बाजूला ठेवला होता. एकानं तो दुसऱ्या भाषेत नेला. दुसऱ्यानं तो पहिल्या भाषेशी 'जुळवून' घेतला. मग पहिल्यानं पुन्हा जुळवला. दर फेरीला दोघांनीही जिथं कळलं नाही तिथं एकेक नकार घालून ठेवला होता, म्हणजे चुकलंच तर अंगाशी यायला नको. मूळ कुठंच नव्हतं. आंधळं दळत होतं, आणि ज्यानं पीठ खायचं ते कुत्रंही आंधळंच होतं.

"तुला कळतंय का त्यात काही?" रेजाँनं शेवटी हळूच विचारलं.

बेव्हर्लीनं आजूबाजूला पाहिलं. "तुला?"

"मी आधी विचारलं."

"अगदी स्पष्ट आहे," बेव्हर्ली म्हणाली, आणि ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. तिचीही परीक्षा दोन आठवड्यांवर होती.

तिकडे युगेतनं वाट बघून शेवटी विभागाच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"आपली तक्रार कोणत्या प्रकारची आहे, मादाम? शाराबिया, बारागुएँ की गालिमातिया?"

"अगं पोरी, मी ऐंशीची आहे. मला खोप उचलायची की ठेवायची तेवढं सांग."

"तो प्रकार यादीत नाही, मादाम. मजकूर परक्या माणसानं लिहिलाय का?"

"परका कसला? चांगला शिकलेला आहे. सरकारात आहे."

"मग गालिमातिया. त्या तक्रारी सध्या स्वीकारल्या जात नाहीत. प्रकरण मस्यू तिबोदोंच्या टेबलावर आहे."

"अगं, तो माझा मुलगा आहे!"

"मग तर तुम्हाला समजायला हवं होतं, मादाम," मुलगी मायेनं म्हणाली.

हे आईकडून कळल्यावर रेजाँला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो उठला, दाढी केली, चांगला टाय लावला आणि थेट मादाम शारबोनोंच्या खोलीत गेला. आज विचारायचंच. जाईल तर जाईल दर्जा.

"मादाम, त्या खोपींच्या सूचनेबद्दल. त्यातला आशय..."

मादामनी चष्मा खाली घेतला. "आशयाचं काय? तुम्हाला समजला नाही?"

रेजाँच्या डोळ्यांपुढे पिवळी खोप आली, मग जिन्याजवळचं टेबल आलं. दोन्ही आली, पण टेबल जास्त जवळून आलं.

"समजला ना, मादाम! भाषा किती नेमकी आहे, एवढंच सांगायला आलो होतो."

"मलाही अगदी तसंच वाटलं," मादाम घाईघाईनं म्हणाल्या, आणि दोघांनीही एकदमच रुमाल काढून कपाळ पुसलं.

मग रेजाँनं त्याच्या हातात होतं तेवढं केलं. त्याच दुपारी गालिमातियाची सोयरीक गॉबलडीगुकशी लावून टाकली; खानदान गेलं खड्ड्यात! त्यामुळे आईची तक्रार दाखल झाली. दाखल झाली म्हणून तिला उत्तर देणं भाग पडलं. उत्तर इंग्रजीत तयार झालं आणि अनुवादासाठी, अर्थातच, रेजाँकडे आलं: 'पृच्छेच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, संदर्भीय सूचना ही स्वयंस्पष्ट असल्याने तिच्या स्पष्टीकरणाची आवश्यकता उद्भवत नसल्याबाबत शंका नसावी.' त्यानं ते इमानेइतबारे फ्रेंच केलं, खाली सही केली आणि आईला धाडून दिलं.

"आलं तुझं पत्र," युगेत फोनवर म्हणाली.

"समजलं ना, ममाँ?" त्यानं विचारलं.

"सही तुझी आहे ना खाली? मग बरोबरच असणार."

पंधरा मार्च उजाडला. फर्नां ब्रिझबुआ चौकटीसमोर उभा राहिला, सूचनेला त्यानं एक अस्सल गावरान शिवी दिली, तिचा अनुवाद कोणालाच लागला नाही, आणि बर्फावरची गाडी लावून स्वतःची खोप काठावर ओढून आणली. त्याचं बघून बाकीच्यांनीही आणल्या. मग तो युगेतकडे गेला.

"दोर आणलाय. दहा मिनिटांचं काम. चल."

"नको, फर्नां. परवानगीशिवाय उचलली आणि चुकलं तर?"

"होईल दंड. मी भरतो!"

"दंडाचं नाही रे. माझं पोर तिथं नोकरीला आहे. त्याच्याच आईनं त्याचाच नियम मोडला, असं उद्या कोणी म्हटलं तर? त्याला खाली मान घालावी लागेल." तिनं स्कार्फ घट्ट केला. "तो कळवेल. त्याला माहीत असतं सगळं."

नदीनं मात्र कोणत्याच भाषेत सूचना काढली नाही. महिना संपता संपता पाऊस पडला आणि एका दुपारी, काठावर लोक उभे असताना, पिवळी खोप एका बाजूला कलली. पाववाल्याचं दार उघडलं, पुन्हा मिटलं. आधी खिडकी गेली, मग शेगडीचं धुराडं. आत टोपी होती.

रेजाँ रविवारी आला. युगेत काठावर खुर्ची टाकून बसली होती. ती त्याच्यावर ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं त्याच्यासाठी डब्यातून मटाराचं सूप आणलं होतं, ते पुढे केलं.

"आता तरी सांग. त्यात लिहिलं होतं काय?"

रेजाँनं पाण्याकडे पाहिलं. लाज वाटली, इतकी वाटली की त्याच्या तोंडातून चक्क खरं बाहेर पडलं. "मला माहीत नाही, ममाँ. मला तेव्हाही कळलं नव्हतं."

युगेतनं त्याच्याकडे वळून बघितलं. लहानपणी ताप आला की बघायची तसं.

"अरे, मग एवढंच सांगायचं होतंस फेब्रुवारीत! 'मला कळत नाही' म्हणाला असतास तर मी दुसऱ्या दिवशी उचलली असती." मग म्हणाली, "तुझा बापही असाच होता. रस्ता चुकला तरी कोणाला विचारायचा नाही. पण तो निदान गाडी तरी थांबवायचा."

सोमवारी विभागाची बैठक होती. सूचना पुढच्या हिवाळ्यासाठी कायम करण्याचा ठराव होता; ज्या सूचनेबद्दल शेवटी एकच तक्रार आली आणि तीही निकालात निघाली, ती आदर्श मानायला हवी, असं मादाम म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेजाँ उभा राहिला.

"मला ही सूचना समजत नाही," तो म्हणाला. आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत.

बेव्हर्ली नखं बघू लागली. मादाम शारबोनोंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, एखाद्या बाईला आपलीच मैत्रीण रस्त्यात भेटावी तसं. पण त्यांनी ते आवरलं.

त्याच आठवड्यात रेजाँचा इंग्रजीचा सी दर्जा काढून घेण्यात आला. ज्या मजकुराची फ्रेंच प्रत त्यानं स्वतः लिहिली होती ती फ्रेंच प्रतही समजत नसल्याचं त्यानं कबूल केल्यामुळे, दोन्ही भाषांना समान न्याय म्हणून, त्याला फ्रेंचच्या प्राथमिक वर्गात घालण्यात आलं. तिथं तो आता जिन्याखालच्या खोलीत बसून 'माझे नाव रेजाँ आहे' हे आपल्या आईच्या भाषेत शिकतो. प्रगती बरी आहे म्हणतात. युगेतला त्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "नीट शीक. आणि कळलं नाही तर हात वर कर."

राहता राहिली ती सूचना. ती अजून चौकटीत आहे आणि वर या कथेतही आहे. वाचकहो, आपणही ती वाचलीत. वाचून मान डोलावलीत, आणि थेट इथपर्यंत आलात. मग सांगा बघू, खोप उचलायची होती की ठेवायची? आता पुन्हा वर जाऊन शोधू नका. तिथं काही नाही, हे आपल्याला तेव्हाच वाटलं होतं. पण म्हणालात का? नाही म्हणालात. मराठी आपली, वय एवढं झालेलं, लोक काय म्हणतील! काही हरकत नाही. आमच्या विभागात एक टेबल रिकामं झालं आहे, खिडकीजवळचं.